आठवी-नववीच्या मराठी लेखनासाठी वर्गाचा ब्लॉग चालवावा की समाजमाध्यम वापरावे?

प्रश्न | माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी आणि नववीच्या वर्गांना मराठी शिकवते. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघते आणि दर महिन्याला भित्तिपत्रक बदलते. परंतु स्नेहसंमेलनात हस्तलिखिताचे प्रकाशन झाले की ते कार्यालयातील कपाटात जाते आणि ज्या मुलांनी त्यात लिहिले, त्यांनाही ते पुन्हा पाहायला मिळत नाही. निबंधाच्या वह्यांची गोष्ट वेगळी नाही. मी लाल शाईने खुणा करते, मुले गुण पाहून वही मिटतात आणि पुढच्या निबंधात तीच ठरावीक वाक्ये परत येतात. पावसाळ्यावरचा निबंध दिला तर बहुतेक वह्यांत पाऊस एकाच ओळीने सुरू होतो, कारण ती ओळ निबंधमालेत आहे आणि तपासणारी मी एकटीच आहे, हे मुलांना ठाऊक असते.

अकरावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीच्या भागात सूत्रसंचालन आणि मुद्रितशोधन यांच्याबरोबर अनुदिनी म्हणजे ब्लॉग लेखनही आहे. मला वाटते की, तेथवर थांबण्याऐवजी आठवीपासूनच मुलांना लोकांनी वाचावे म्हणून लिहिण्याची सवय लावता येईल. मात्र साधन कोणते निवडावे, याचा निर्णय होत नाही. काही सहकारी म्हणतात की, ब्लॉग आता कोणी वाचत नाही, फेसबुक पान किंवा इन्स्टाग्राम खाते काढा. काहींच्या मते पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहेच, त्यावरच निबंध टाकावेत. शाळेच्या संगणक कक्षात मोजकीच यंत्रे चालू आहेत. बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो.

शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका पालकांनी विचारले, "मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा असे तुम्हीच सांगता, आणि आता तुम्हीच त्यांना मोबाइलवर लिहायला लावणार का?" मला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे आहे. ज्यांनी वर्गात असा प्रयोग केला आहे किंवा त्याचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर | मराठीचे शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

मॅडम, त्या पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उपक्रमाच्या रचनेतच देता येते. आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाचा ब्लॉग चालतो. त्यासाठी एकाही विद्यार्थ्याला स्वतःचे खाते उघडावे लागत नाही आणि घरचा मोबाइल हातात घ्यावा लागत नाही. ब्लॉग एकच आहे, खाते शाळेचे आहे आणि पासवर्ड मुख्याध्यापक व मी अशा दोघांकडे असतो. मुले आधी वहीतच लिहितात. दर पंधरवड्याला बदलणारे चार जणांचे संपादक मंडळ ते लेखन वाचते आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिते. प्रश्न म्हणजे केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नव्हेत. "हे तू स्वतः पाहिलेस का?", "येथे कोण बोलत आहे?", "हा रस्ता कोठून कोठे जातो?" अशा प्रकारचे प्रश्न ते विचारतात. लेखक दुसरा खर्डा करतो आणि मगच मजकूर टंकलिखित होतो. संगणक कक्षात इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर काही मुले हळूहळू टंकन करतात. लेखन लांब असेल तर मूल मोठ्याने वाचते आणि शाळेच्या फोनवर आवाजी टंकन चालते. त्यात विरामचिन्हे बहुधा येत नाहीत आणि जोडाक्षरांचा घोळ होतो, त्यामुळे मुद्रितशोधन हे मंडळाचे खरेखुरे काम होऊन बसते. शुद्धलेखनाचे नियम फळ्यावर लिहून दिले असता जी मुले कंटाळतात, तीच मुले दुसऱ्याच्या लेखातील चूक प्रसिद्ध होण्याआधी पकडण्यासाठी नियमांचे पुस्तक उघडतात, असा माझा अनुभव आहे.

एवढे सगळे करूनही ब्लॉग फक्त आपल्याच शाळेने पाहिला तर तो काचेच्या कपाटातील हस्तलिखितासारखाच राहील. म्हणून माझा आग्रह असा आहे की, ब्लॉग काढण्याआधी वाचक ठरवावा. आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका शाळेच्या आठवीच्या वर्गाशी जोडी जमवली आहे. त्यांचे लेखन आमची मुले वाचतात आणि आमचे लेखन ती मुले वाचतात. याचा लेखनावर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणावरून सांगतो.

आमच्या एका विद्यार्थ्याने गुऱ्हाळावर लिहिले होते. पहिल्या खर्ड्यात त्याने एका वाक्यात काम उरकले होते: "उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात व त्यापासून गूळ तयार होतो." आमच्या मंडळाला यात काहीच खटकले नाही, कारण ऊस आणि गुऱ्हाळ सगळ्यांच्या घरापाठीमागचेच. लेख प्रसिद्ध झाल्यावर समुद्राकाठच्या एका मुलीने प्रतिक्रियेत विचारले की, रस तर हिरवट आणि गढूळ असतो, मग गूळ पिवळा कसा होतो, आणि रस पुरेसा आटला हे कोणाला कसे कळते? त्या मुलाला उत्तर येत नव्हते. तो शनिवारी गुऱ्हाळावर जाऊन गुळव्याजवळ, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराजवळ, बसला आणि सोमवारी दुसरा लेख घेऊन आला. रानभेंडीची खोडे ठेचून त्यांचा चिकट रस काहिलीत घातला की मळी वर येते, ती झाऱ्याने सतत काढावी लागते, आणि पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का ते तपासतो, असे सर्व त्यात होते. त्या लेखात एकही ठरावीक वाक्य नव्हते. ज्याला गुऱ्हाळ ठाऊक नाही अशा माणसाला ते सांगायचे आहे, ही गरज त्या मुलाला प्रथमच जाणवली होती, आणि ही गरज माझ्या लाल शाईने कधीच निर्माण झाली नसती.

हा विचार नवीन नाही. फ्रान्समधील बार-सुर-लू या खेड्यातील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात एक लहान छापयंत्र आणले. मुले स्वतः लिहिलेला मजकूर स्वतः खिळे जुळवून छापत आणि ती पाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातील एका शाळेला टपालाने पाठवत. तिकडची मुले आपल्या गावाविषयी छापून पाठवत. इंटरनेट आल्यावर ब्रिटनमधील शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी २०११ च्या सुमारास चार शाळांचा गट करण्याची पद्धत सुरू केली. दर आठवड्याला एका शाळेचा ब्लॉग पुढे येतो आणि उरलेल्या तीन शाळांची मुले त्यावर प्रतिक्रिया लिहितात, अशी ती पाळी असते. दोन्ही ठिकाणी वाचक योगायोगावर सोडलेला नाही, तो आधी ठरवलेला आहे. तुम्हाला चार शाळा जमल्या नाहीत तरी एक शाळा पुरेशी आहे, मात्र ती वेगळ्या मुलखातील असावी.

आणखी एक सुचवतो. शिक्षकानेही त्याच ब्लॉगवर नियमित लिहावे. अमळनेरच्या छात्रालयात असताना साने गुरुजी स्वहस्ते लिहून छात्रालय दैनिक काढत असत. मुलांसाठी कोणी इतक्या निष्ठेने लिहितो आहे, हे ज्या मुलांनी पाहिले असेल, त्यांना लेखनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल.

फेसबुक पानाची किंवा इन्स्टाग्रामची आम्हाला गरज भासलेली नाही. नवा लेख आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त दुवा जातो, आणि वडील संध्याकाळी घरी आले की घरातील सगळे मिळून तो वाचतात. तुमच्या पालकांना हेच सांगावे की, मूल मोबाइलवर जास्त वेळ घालवणार नाही, उलट मोबाइलवर आलेले मुलाचे लेखन घर वाचणार आहे.

उत्तर | पालक, संगणक क्षेत्रात कार्यरत, पुणे

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी सुरक्षिततेच्या बाजूने काही गोष्टी अधिक ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण शाळा चांगल्या हेतूने जे प्रसिद्ध करतात त्यातून मुलांची नको तेवढी ओळख उघड होते. शाळांच्या फेसबुक पानांवर गणवेशातील मुलाचे छायाचित्र, खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि गाव असा मजकूर सर्रास दिसतो. अनोळखी माणसाला मुलाच्या नावाने हाक मारून थांबवता येईल एवढी माहिती त्यात असते. ब्लॉगवर लेखाखाली फक्त पहिले नाव किंवा मुलाने निवडलेले टोपणनाव द्यावे, चेहऱ्याचे छायाचित्र देऊ नये, आणि छायाचित्र हवेच असेल तर गुऱ्हाळाचे, हाताचे, वहीच्या पानाचे द्यावे. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या धारिकेत (फाइलमध्ये) ठिकाणाची नोंदही असू शकते, म्हणून कॅमेऱ्यातील ती सोय आधी बंद करावी.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांनुसार १३ वर्षांखालील मुलाला खाते उघडता येत नाही. आठवीच्या वर्गात काही मुले जेमतेम तेरा वर्षांची असतात आणि सातवीत तर बरीचशी त्याहून लहान. गृहपाठासाठी खाते काढायला सांगणे म्हणजे शिक्षकाने मुलाला जन्मतारीख खोटी टाकायला सांगण्यासारखे होईल. शिवाय भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. शाळेच्या ब्लॉगला या कायद्यातील कोणते कलम किती लागू होते, या चर्चेत न शिरताही, वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी संमती घेणे हा साधा आणि योग्य मार्ग आहे. संमतीपत्रात काय प्रसिद्ध होईल, काय होणार नाही आणि पालकांनी सांगितल्यास लेख काढून टाकला जाईल, या तिन्ही गोष्टी स्पष्ट मराठीत लिहिलेल्या असाव्यात. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. अशा काळात शाळेने मुलांना त्या दिशेला ढकलू नये, असे माझे मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येक सदस्याचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. विद्यार्थिनींच्या आयांचे क्रमांक अशा गटांतून बाहेर गेल्याच्या तक्रारी मी पालक म्हणून ऐकल्या आहेत. गट ठेवायचाच असेल तर फक्त प्रशासकच संदेश पाठवू शकेल अशी मांडणी करावी, किंवा ब्रॉडकास्ट यादी वापरावी, म्हणजे पालकांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. मात्र ज्यांनी शाळेचा क्रमांक फोनमध्ये जतन केला असेल त्यांनाच असा संदेश पोहोचतो, हे पालकसभेत सांगून ठेवावे. ब्लॉगवर सर्व प्रतिक्रिया शिक्षकाने वाचल्यावरच दिसाव्यात, अशी सोय ब्लॉगर या ब्लॉग चालवण्याच्या सेवेत आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. हवे असल्यास ब्लॉग फक्त निमंत्रित वाचकांपुरता ठेवता येतो. पहिले काही महिने जोडीच्या शाळेपुरताच तो खुला ठेवून पुढे सर्वांसाठी उघडणे हा मला योग्य क्रम वाटतो.

एक प्रसंग मुख्याध्यापकांना अवश्य सांगावा. स्कॉटलंडमधील नऊ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने २०१२ मध्ये शाळेतील दुपारच्या जेवणाचे रोज छायाचित्र काढून त्याला गुण देणारा ब्लॉग टोपणनावाने सुरू केला. तो जगभर गाजल्यावर स्थानिक परिषदेने तिला छायाचित्रे काढायला बंदी केली, टीका झाल्यावर ती बंदी लगेच उठवली, आणि त्या गदारोळात वाचकांनी मुलांना शाळेत जेवण पुरवणाऱ्या एका संस्थेला मोठी देणगी दिली. मूल खरे लिहू लागले की प्रशासनाला न आवडणारेही लिहील, तेव्हा काय करायचे, हे शाळेने आधीच ठरवलेले बरे.

उत्तर | इतिहास व मराठीच्या शिक्षिका, धुळे जिल्हा

ताई, ब्लॉगविषयी वर उत्तम मार्गदर्शन झाले आहे. मला मात्र समाजमाध्यमे वर्गाबाहेरच ठेवावीत हा सूर पूर्णपणे मान्य नाही. खाते उघडू नये हे ठीक आहे, पण समाजमाध्यमावरचा मजकूर वर्गात आणून तो धड्यासारखा वाचला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. आमच्या जिल्ह्यात त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. आधीचे काही दिवस मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश फोनवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आमच्या मुलांच्या घरांत हे संदेश येत होते आणि वाचताना ती मुले मोठ्यांच्या शेजारी बसलेली होती. त्यामुळे नववीच्या वर्गात मी बातमी लेखन शिकवताना असा एक तास घेते. फिरून आलेला एखादा निरुपद्रवी संदेश, उदाहरणार्थ औषधाचा किंवा सुट्टीचा, मी फळ्यावर जसाच्या तसा उतरवते. मग मुले शोध घेतात: यात तारीख आहे का? गाव कोणते? "एका डॉक्टरांनी सांगितले" म्हणजे कोणी? "सर्वांना पाठवा" हे वाक्य बातमीत का येत नाही? पाठ्यपुस्तकातील बातमीत केव्हा, कोठे, कोणी यांची उत्तरे असतात आणि या संदेशात ती नाहीत, हे मुलांना स्वतःच दिसते. त्यानंतर त्याच विषयावर मुले खरी बातमी लिहितात आणि त्यासाठी ग्रामपंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात किंवा मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारतात.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात असे तीत दिसते. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी मुद्दाम तयार केलेली होती आणि तिच्या शेवटी ती माणसे मुलाला परत आणून सोडतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवटच कापला होता. उताऱ्याचा शेवट काढून टाकला तर अर्थ किती बदलतो, हे मराठीच्या तासाला शिकवण्याइतके महत्त्वाचे दुसरे काय असू शकते? मुलांसमोर ती चित्रफीत दाखवू नये, पण एखाद्या कथेचा शेवट कापून वर्गाला द्यावा आणि अर्थ विचारावा, मग उरलेला भाग वाचून दाखवावा. मुले स्वतःच्या घरातील फोनकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. त्या पालकांना हेही सांगता येईल की, शाळा मुलांना मोबाइल वापरायला सांगत नाही, मोबाइलवर आलेले कसे वाचावे हे शिकवते.

उत्तर | कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापक, पुणे

येथे २०११ मधील एका प्रयोगाची आठवण करून देतो, कारण तो महाराष्ट्रातच झाला आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत असा उपक्रम सुरू केला. उत्साह मोठा होता आणि विद्यार्थीही शेकड्यांनी सहभागी झाले. परंतु अनेकांनी पाठ्यपुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे उतरवले. स्वामित्वहक्काचा भंग करणारा तो मजकूर शोधून काढण्यात जगभरच्या स्वयंसेवकांचा वेळ गेला आणि त्याच वर्षी तो प्रायोगिक टप्पा थांबवावा लागला. मुलांना दोष देणे सोपे आहे. माझ्या मते खरी अडचण आधीची होती. ज्यांना शाळेत दहा वर्षे उत्तर "पुस्तकातल्याप्रमाणे" लिहिण्याबद्दल गुण मिळाले, त्यांना अचानक जगासमोर स्वतःच्या शब्दांत लिहायला बसवले गेले, आणि हाताशी धरून शिकवणारी माणसे संख्येच्या मानाने फार थोडी होती.

म्हणून कोल्हापूरच्या सरांची रीत मला मोलाची वाटते. वही, संपादक मंडळ, दुसरा खर्डा आणि मग प्रसिद्धी, हा क्रम पुण्यात बहुतेकांच्या वाट्याला आला नव्हता. मराठी विकिपीडियावर प्रत्येक नोंदणीकृत सदस्याला सरावासाठी धूळपाटी नावाचे पान मिळते. महाविद्यालयातील मुलांनी तेथे बराच काळ लिहावे, संदर्भ कसा द्यावा ते शिकावे आणि मगच लेखाला हात लावावा. आठवी-नववीसाठी वर्गाचा ब्लॉग हीच धूळपाटी समजावी.

स्वामित्वहक्काविषयी शिक्षकांमध्येही गैरसमज आहेत. वर्गात शिकवण्यासाठी कायद्याने जी सवलत दिली आहे, तिचा अर्थ पाठ्यपुस्तकातील कविता शाळेच्या ब्लॉगवर संपूर्ण टाकता येते असा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन आता मुक्त आहे, पण आजच्या कवींचे नाही. आणि मुलाने लिहिलेल्या निबंधाचा हक्क त्या मुलाचा असतो, शाळेचा नव्हे, हेही मुलांना आवर्जून सांगावे. आपल्या लेखनावर आपला हक्क आहे हे कळलेले मूल दुसऱ्याचे लेखन उचलताना थबकते.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकते ते पाहायचे असल्यास केरळमधील स्कूलविकी पाहावा. २००९ पासून तेथील शाळा मल्याळम भाषेत आपापल्या शाळेची आणि गावाची माहिती त्यावर लिहीत आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थ्यांच्या कथा, कविता आणि लेख त्यावर मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. मराठी शाळांसाठी असे सामाईक स्थान असावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. ब्लॉग ज्या शिक्षकाने चालवला त्याची बदली झाली की बंद पडतो, आणि अनेक तंत्रस्नेही शिक्षकांनी कष्टाने उभारलेले ब्लॉग आज असेच थांबलेले आहेत.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. राईनपाड्याचा उल्लेख वाचून मी बराच वेळ थांबले. तो तास मी याच सत्रात घेणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले असून संमतीपत्राचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला आहे. एक शंका उरली आहे. नववीला भाषेसाठी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. ब्लॉगवरील लेखनाला त्यात गुण द्यावेत का? गुण नसतील तर काही मुले लिहिणारच नाहीत, अशी भीती वाटते.

उत्तर | मराठीचे शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

मॅडम, प्रसिद्ध झालेल्या लेखाला गुण देऊ नयेत, असे मी म्हणेन. लेखांची किंवा प्रतिक्रियांची संख्या मोजू लागलो की "छान लिहिले आहे" एवढेच लिहून मुले संख्या भरतात. गुण द्यायचेच असतील तर पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात काय बदलले, यावर द्यावेत. दोन्ही खर्डे वहीत समोरासमोरच्या पानांवर असावेत, म्हणजे तुलना करणे सोपे जाते आणि ज्याचा लेख अजून प्रसिद्ध झालेला नाही त्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात. संपादक मंडळावर काम करताना मुलाने समासात जे प्रश्न लिहिले, तेही मी पाहतो. चांगला प्रश्न विचारणारे पण स्वतः कमी लिहिणारे मूल प्रत्येक वर्गात असते आणि निबंधाच्या वहीत ते कधी दिसत नाही.

न लिहिणाऱ्या मुलांसाठी घाई करू नये. आमच्याकडे अशा मुलांना आधी मुलाखतीचे काम देतो. कुंभार, पोस्टमन, एसटीचे वाहक, शाळेतील पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, यांना पाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवायची. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तो लेख वाचून दाखवायचा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करूनच प्रसिद्ध करायचा, एवढा नियम आहे. जोडीसाठी शाळा हवी असल्यास रत्नागिरी जिल्ह्यातील एक शिक्षिका अशाच वर्गाच्या शोधात आहेत. आपण निरोप पाठवल्यास त्यांची संमती घेऊन मी दोघींचा संपर्क करून देईन. जून महिन्यात शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात दोन्ही वर्गांनी एकमेकांना साधे पत्र पाठवावे, हाताने लिहिलेले आणि टपालाने. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, आणि पलीकडे कोण वाचणार आहे हे मुलांना ब्लॉग उघडण्याआधी कळलेले असेल.